कॅम्पर, घाट आणि डिझेल: गोव्यातून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची गाडी म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या उंच व्हॅनचा घरासारखा करून घेतलेला कॅम्पर. दोन बाक, रात्री त्यांचाच पलंग होतो. छोटा ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर. सामान आणि माणसे धरून वजन साडेतीन टनांच्या आसपास जाते. आम्ही फोंड्याला राहतो, त्यामुळे गोव्याबाहेर कुठेही जायचे म्हटले की घाट आला किंवा राष्ट्रीय महामार्ग ६६ आला. गाडी घरच्यांना, मित्रांना देतो तेव्हा किल्ली हातात घेताना प्रत्येकजण तेच प्रश्न विचारतो. ती उत्तरे इथे एकत्र केली आहेत. हिशेब जिथे दिले आहेत ते या साडेतीन टनांच्या गाडीचे आहेत; तुमची गाडी हलकी असेल तर आकडे त्या प्रमाणात कमी धरा.

अशी गाडी ॲव्हरेज किती देते?

एकच आकडा सांगणे चुकीचे ठरेल. आमच्या वहीत ७ पासून १३ पर्यंत सगळे आकडे आहेत, आणि गाडी तीच, इंजिन तेच. काणकोणहून कारवारच्या बाजूला सकाळी लवकर, शांतपणे गेलो तर लिटरला १२ च्या पुढे. घाट चढून बेळगावला गेलो तर ९-१०. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागा भागात अडकलो तर ७ वर येते. म्हणून कोणी छातीठोकपणे "माझी पंधरा देते" म्हणाले तर आधी विचारा, मोजले कसे आणि कुठल्या रस्त्यावर.

मग मोजायचे कसे?

टाकी फुल्ल करून. नोझल आपोआप बंद पडले की तिथेच थांबायचे, वरून आणखी "राउंड फिगर" करायला थेंब-थेंब भरू द्यायचे नाही. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा तसेच फुल्ल करायचे, शक्यतो त्याच पंपावर, कारण जमीन एका बाजूला उतरती असली तरी टाकीत दोन-तीन लिटरचा फरक पडतो. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तीन वेळचा काढा. डॅशबोर्डवरचे ॲव्हरेज बघायला सोपे असते, पण आमच्या गाडीत ते खऱ्यापेक्षा नेहमी थोडे जास्तच दाखवते.

महामार्गावर किती वेगाने चालवू?

७० ते ८०. या एका उत्तरात बरेच डिझेल वाचते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कार वारा कापते, कॅम्पर वारा ढकलतो. आपल्या गाडीचे तोंड म्हणजे दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच भिंत आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पटींच्या वर जातो. ८० वरून १०० वर गेलात की आणखी दीडपटीहून थोडा जास्त. साधारण ६० च्या पुढे या उंच गाड्यांत टायरच्या घर्षणापेक्षा हवाच जास्त डिझेल खाते. आमच्या वहीप्रमाणे सपाटीवर ८० ला धरून चालवली तर ११ मिळते, १०० च्या आसपास ठेवली तर साडेआठ. तीनशे किलोमीटरला हा फरक आठ लिटरचा होतो.

आता वेळेचे बघा. तीनशे किलोमीटर ८० ने पावणेचार तास, १०० ने तीन तास. पाऊण तास वाचतो तो कागदावर. प्रत्यक्षात कोकणातल्या रस्त्यावर तुम्हाला १०० सलग दहा मिनिटेसुद्धा मिळत नाही: कुठे वळण, कुठे गाव, कुठे रस्त्यावर बसलेली गुरे. १०० वर नेलेली गाडी तुम्ही पुन्हा पुन्हा ब्रेक मारून खाली आणता. वाचलेला पाऊण तास शेवटी दहा-पंधरा मिनिटांवर येतो आणि आठ लिटर मात्र पूर्ण जातात. शिवाय भाड्याने मिळणाऱ्या, पिवळ्या पाटीच्या अनेक गाड्यांना ८० चा गव्हर्नर, म्हणजे त्यापुढे वेग जाऊ न देणारे यंत्र असते, तिथे प्रश्नच मिटतो.

घाट चढताना डिझेल फार जाते. काही उपाय?

चढायला लागणारी ताकद कोणालाच चुकवता येत नाही. केरीहून बेळगावच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या माथ्यावर जाताना गाडी साधारण ७०० मीटर वर उचलली जाते. साडेतीन टन एवढे वर न्यायला, इंजिनची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर जवळपास दोन लिटर डिझेल नुसते उचलण्याचे लागते. रस्त्याचे घर्षण, वळणे हे त्यावर. हे दोन लिटर लागणारच. आपल्या हातात आहे ते वरचे वाया जाणारे डिझेल.

ते वाया जाते दोन प्रकारांनी. एक, वरच्या गियरमध्ये गाडी कण्हत कुंथत नेणे. "वरचा गियर म्हणजे बचत" हे सपाटीवर खरे. चढावर इंजिन थरथरायला लागले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही काटा हलत नाही, म्हणजे गियर चुकला. आजच्या टर्बो डिझेल इंजिनांचा जोर साधारण दीड ते अडीच हजार आरपीएमला असतो. काटा तिथे राहील असा गियर आधीच टाका, वळण सुरू झाल्यावर नव्हे. दोन, पुढच्या ट्रकच्या शेपटाला चिकटणे. तो थांबला की तुम्ही थांबलात, आणि चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे हे क्लचच्या आणि डिझेलच्या दोघांच्याही मुळावर येते. साठ-सत्तर मीटर अंतर सोडा, तुमची गाडी मंद पण चालती राहील. थांबावेच लागले तर हँडब्रेक ओढा, अर्ध्या क्लचवर तरंगत ठेवू नका.

आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचे असते.

उतारावर न्यूट्रल केली तर डिझेल वाचते ना?

नाही. हा समज इतका रुजला आहे की जाणते ड्रायव्हरही करतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा तो काळ होता. आताच्या गाडीत गियर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला डिझेल जाणेच बंद होते. चाकेच इंजिनला फिरवतात. न्यूट्रल केलीत की उलट इंजिनला स्वतःला चालू ठेवायला डिझेल घ्यावे लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त, आणि गाडीला धरून ठेवणारे इंजिनही सुटते. चावी फिरवून इंजिन बंद करण्याचा विचारसुद्धा नको: ब्रेकचा बूस्टर जातो, स्टिअरिंग जड होते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या वर्षी बेळगावहून परत येताना चोर्ला उतरत होतो. गाडी चौथ्या गियरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसायला लागले, मुले खिडकीला लागली, आणि आई मागून म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." मला आधी वाटले ओट्यावर काही राहिले. मग ब्रेकचे पेडल पाहिले तर ते नेहमीपेक्षा बरेच खाली जात होते आणि गाडी म्हणावी तशी धरत नव्हती. दुसऱ्या गियरमध्ये आणत आणत कशीबशी रुंद जागी घेतली. पुढच्या चाकाशी हात नेला तर वीतभर लांबूनच धग लागत होती. पाऊण तास थांबलो. पाणी ओतायला गेलेल्या मेव्हण्याला अडवले, कारण तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडले की ती वाकते किंवा तडकते.

हिशेब नंतर मांडला. सातशे मीटर उतरताना साडेतीन टनांतून जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ८० लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. न्हाणीतल्या मोठ्या हंड्याएवढी ही उष्णता. ती चार चाकांच्या ब्रेकवर टाकायची की इंजिनवर, एवढेच ठरवायचे असते. ज्या गियरने घाट चढलात, साधारण त्याच गियरने उतरा. ब्रेक दाबायचा तो ठामपणे, थोडा वेळ, आणि सोडायचा. पाय टेकवून ठेवायचा नाही.

बेळगावला जायला चोर्ला बरा की अनमोड?

पणजी, म्हापसा, डिचोलीकडून निघत असाल तर साखळी-केरी-चोर्ला जवळ पडतो. फोंड्याकडून आम्ही मोले-अनमोड घेतो. अंतर वाढते, पण फोंडा ते मोले हा लांबचा पल्ला बऱ्यापैकी एका वेगाने जातो. चोर्ल्याची वळणे मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडे आलेला भाग, लांब असलेल्या गाडीला त्रास देतात. अनमोडला ट्रकांची रांग मिळाली तर सगळा हिशेब उलटतो, म्हणून तिथे रात्री किंवा भर दुपारी नको, सकाळी सातच्या आत मोले ओलांडा. सावंतवाडीच्या बाजूचे लोक आंबोलीने जातात आणि तोही चांगला घाट आहे, फक्त पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी नको. धबधब्यापाशी गाड्या उभ्या करून लोक रस्त्यावर असतात.

निघण्यापूर्वी घाट जड वाहनांना बंद आहे का, दरड पडली आहे का, याची चौकशी जरूर करा. अर्ध्यातून परत फिरण्याएवढे डिझेल दुसरे काही खात नाही.

गोव्यातल्या गोव्यात फिरताना इतके डिझेल का जाते? अंतर तर काहीच नसते.

कारण गाडी चालत नाही, थांबते आणि उठते. साडेतीन टनांची गाडी ६० वरून पूर्ण थांबवून पुन्हा ६० वर नेली की सुमारे ४० मिलिलिटर डिझेल गेले. चहाचा अर्धा कप. असे पंचवीस वेळा झाले की एक लिटर संपला, आणि मडगाव ते म्हापसा जाताना सिग्नल, सर्कल, गतिरोधक मिळून पंचवीसचा आकडा कधीच ओलांडतो.

म्हणून गोव्यात सगळी मदार नजरेवर. पुढचा गतिरोधक दिसला की ॲक्सिलरेटर तिथेच सोडा. गाडी गियरमध्येच आपसूक मंदावते, तेवढा वेळ डिझेल शून्य, आणि गतिरोधकावरून दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये न थांबता निघता. सिग्नल लाल दिसत असताना त्याच्यापर्यंत जोरात जाऊन ब्रेक मारण्यात काय मिळते, हे मला आजवर कळलेले नाही. सर्कलला दुरूनच वेग असा धरा की तुमची पाळी येईल तेव्हा गाडी चालतीच असेल.

वेळ निवडणे तितकेच महत्त्वाचे. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलीवरून पोंय-पोंय करत यायच्या आधी आम्ही घर सोडतो. त्या वेळी पर्वरी, पणजी, कुठ्ठाळी सरळ ओलांडता येते. शुक्रवारी सकाळी म्हापशात शिरू नका, तो बाजाराचा दिवस. नवीन जुवारी पुलाची पहिली बाजू २०२२ च्या डिसेंबरमध्ये आणि दुसरी पुढच्या वर्षी सुरू झाल्यापासून कुठ्ठाळीची ती जुनी तासन् तासांची रांग गेली. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की इंजिन चालू ठेवून आपण किती डिझेल नदीकाठी ओतले.

थांबल्यावर इंजिन कधी बंद करू?

मिनिटभराच्या वर थांबायचे दिसले की बंद करा. उभ्या गाडीचे डिझेल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर घेते, एसी लावला की वरच्या अंगाला. रेल्वे फाटक, फेरीबोटीची रांग, लग्नाची वरात, सगळीकडे हाच नियम. अपवाद एक: घाट चढून आल्याआल्या इंजिन लगेच बंद करू नका. टर्बो तापलेला असतो, मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करा.

एसी लावू की खिडक्या उघड्या ठेवू?

गावातून, ४०-५० च्या आत जाताना खिडक्या. महामार्गावर ७०-८० ला एसी. वेगात खिडक्या उघड्या ठेवल्या की हवा आत शिरून मागे आपटते आणि विरोध वाढतो. आमच्यासारख्या डब्यात तर पडदे, कागद, सगळे उडते. एप्रिल-मेमध्ये दुपारी उभी करून ठेवलेली गाडी आधी दारे उघडून पाच मिनिटे मोकळी करा, मग एसी लावा. छतावर सावली येईल अशी जागा मिळाली, आंब्याखाली, फणसाखाली, तर एसीचे निम्मे काम तिथेच झाले. नारळाखाली मात्र नको.

रात्री झोपताना इंजिन चालू ठेवून एसी चालेल?

मुळीच नाही, आणि हे डिझेलसाठी सांगत नाही. उभ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर आत शिरला तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो. त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, जागही येत नाही. जनरेटर असेल तर तोही गाडीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. आत झोपायची प्रत्येक गाडी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेली हवी.

उकाड्याच्या रात्री आम्ही किनारा सोडून वर जातो. चोर्ला, आंबोलीच्या उंचीवर पंख्यावर भागते.

घरच्या बॅटरीसाठी इंजिन चालू ठेवले तर?

महागात पडते. गाडी चालत असताना अल्टरनेटरकडून एक युनिट वीज बॅटरीत भरायला अर्धा लिटरच्या आसपास डिझेल लागते. तीच वीज उभ्या गाडीत भरायला गेलात तर दोन लिटर किंवा जास्त, कारण मंद फिरणारा अल्टरनेटर जेमतेम करंट देतो आणि इंजिन स्वतःचे पोट भरतच असते. छतावरचे २०० वॉटचे पॅनेल कोरड्या ऋतूत दिवसाला पाऊण युनिटच्या आसपास देते. फ्रिजच्या छोट्या पेटीला, दिव्यांना, दोन पंख्यांना ते पुरते. पॅनेल पुसत जा. खाणपट्ट्याच्या बाजूने, धारबांदोडा-सांवर्डे भागातून आलात की त्यावर लाल धुळीचा थर असतो.

टायरमध्ये हवा किती ठेवू?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली, भरलेल्या गाडीची. पुढची आणि मागची वेगळी असते. टायर थंड असताना, म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या आत, बघायची.

एका टायरवाल्याने मला न विचारता चारही टायरांत कारएवढी, ३५ पीएसआय हवा भरून दिली होती. आमच्या गाडीला मागे त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त लागते. मला कळले ते कारवारला, टायरला हात लावल्यावर. रबर चटका बसण्याइतके तापले होते. कमी हवेने ॲव्हरेज दोन-तीन टक्क्यांनी पडते, ती मोठी गोष्ट नाही. भरलेल्या गाडीचा तापलेला टायर उतारावर फुटणे ही मोठी गोष्ट आहे. तेव्हापासून स्वतःचा गेज गाडीत ठेवतो. तुम्हीही ठेवा, कोणाच्या यंत्रावर विसंबू नका.

पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघालो तर किती वाचेल?

वाटते तितके नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. चोर्ला एकदा चढायला त्याचे साठ मिलिलिटरच्या आत-बाहेर डिझेल. तेवढ्यासाठी वाटेत पाणी शोधत फिरू नका. गावागावांतून थांबत जायचे असेल तर ओझे थोडे अधिक जाणवते, एवढेच. आम्ही निम्मी टाकी घेऊन निघतो.

खरा खर्च छतावर असतो. वर बांधलेल्या सायकली, खुर्च्या, ताडपत्रीत गुंडाळलेला तंबू हे वजनापेक्षा वाऱ्याला नडतात. दिवाळीच्या सुट्टीत छतावर कॅरिअर आणि दोन सायकली घेऊन रत्नागिरीला गेलो, परतताना त्या सायकली आत पलंगावर आडव्या ठेवल्या. वहीत जातानाचे पावणेदहा आणि येतानाचे अकरा आहे. रस्ता तोच, चालवणारा मीच. तेव्हापासून छतावर सोलरशिवाय काहीही जात नाही.

डिझेल कुठे भरू? गोव्यात की बाहेर?

पेट्रोल-डिझेलवर जीएसटी नाही, प्रत्येक राज्याचा स्वतःचा व्हॅट आहे, म्हणून हद्द ओलांडली की भाव बदलतो. २०१२ मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता आणि पेट्रोल एका रात्रीत अकरा रुपयांच्या आसपास उतरले. तेव्हापासून "गोव्यात इंधन स्वस्त" हे लोकांच्या मनात पक्के बसले. भाव त्यानंतर पुष्कळ वेळा बदलले आहेत, आणि १६ जून २०१७ पासून देशभर ते रोज ठरतात. म्हणून निघायच्या सकाळी दोन्ही राज्यांचे भाव बघा. महाराष्ट्रात जाताना आम्ही पेडण्याच्या अलीकडे फुल्ल करून पत्रादेवी ओलांडतो. कर्नाटकाच्या बाजूला जाताना त्या दिवशीचा भाव बघून ठरवतो.

दोन-तीन रुपयांसाठी पंधरा किलोमीटर आडवाटेला जाऊ नका, जाण्या-येण्यात ते संपतात. आणि घाटाच्या तोंडाशी टाकी पाव भरलेली असेल तर भावाचा विचार न करता साखळीत किंवा फोंड्यात भरून घ्या. जंगलात अडकलेल्या गाडीतून कॅन घेऊन खाली यायची पाळी कोणावर येऊ नये.

बीएस-६ गाडीत आणखी काय सांभाळायचे?

एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी गाळणी असते. गाडी नुसती गावात, दोन-दोन किलोमीटर फिरली की ती भरत जाते आणि ती साफ करायला गाडी जादा डिझेल घेते. डॅशबोर्डवर तिचा दिवा लागला तर घाबरून बंद करू नका. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने चालवा. वेर्णा-मडगावच्या बाजूचा रुंद रस्ता त्यासाठी चांगला. दिवा दुर्लक्षित केला तर गॅरेजचा खर्च मोठा होतो.

बऱ्याच मोठ्या गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारे द्रव्यही लागते. ते म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे पाणी, निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत. डिझेलच्या तीन ते पाच टक्के खपते, म्हणजे शंभर लिटर डिझेलला तीन-पाच लिटर. एक छोटा कॅन जवळ असू द्या, कारण ते पूर्ण संपले की गाडीचा जोर कमी होतो किंवा एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडले तर चावीला हात लावू नका, गाडी ढकलत गॅरेजला न्या.

पेट्रोलचा छोटा कॅम्पर आहे. ई-२० ने ॲव्हरेज पडते का?

थोडे पडते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर फरक दिसणारच. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या.

पाइपला लावायचे मॅग्नेट, टाकीत टाकायच्या गोळ्या, यांनी फायदा होतो?

पैसे घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर साधने तपासली, त्यांतल्या फारच थोड्यांत काही दिसले. त्याच पैशात एअर फिल्टर बदला आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या.

पावसाळ्यात निघावे का?

निघा, पण ॲव्हरेजचा विचार घरी ठेवून. ओला रस्ता, सतत चालू काच पुसणी, काचेवरची वाफ घालवायला एसी, खड्डे चुकवताना मंदावणे, सगळ्याने आकडा एखाद-दीडने पडतो आणि तो पडू द्यावा. चोर्ल्यावर धुके उतरले की वीस फुटांवरचे दिसत नाही. तिथे दिवे लावून, हळू, आपल्या बाजूने. दोन्ही बाजूंचे पिवळे इंडिकेटर चालू ठेवून चालवणाऱ्यांना विनंती आहे की ते करू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की चालता हे कळत नाही.

फेरीबोटीने अंतर वाचते. कॅम्पर नेऊ?

छोटी व्हॅन असेल तर जाते. लांब गाडीचा मागचा भाग रॅम्पवर घासतो, विशेषतः ओहोटीला, जेव्हा उतार तीव्र होतो. बोटवाल्यांना आधी विचारा, ते लगेच सांगतात. आणि किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालू नका. बंदी आहेच, शिवाय साडेतीन टन रुतले की बाहेर काढायला ट्रॅक्टर लागतो.

चालवणारा बदलला की खरेच ॲव्हरेज बदलते?

बदलते, आणि आमच्या घरात ते भांड्यांवरून कळते. ओट्याखालच्या कप्प्यात स्टीलची ताटे-वाट्या आहेत. मेव्हणा चालवायला बसला की पहिल्या तासात ती प्रत्येक वळणाला, प्रत्येक गतिरोधकाला वाजायची. मी त्याला ॲव्हरेजचे काही बोललो नाही. आई मागून एवढेच म्हणाली, "भाऊ, भांडी झोपू देत." त्याने ते मनावर घेतले. लवकर ॲक्सिलरेटर सोडायला लागला, वळणाआधीच वेग उतरवायला लागला. कुडाळ ते राजापूर कप्पा गप्प होता. त्या फेरीचे ॲव्हरेज वहीत साडेअकरा लिहिले आहे, आणि शेजारी त्याचे नाव.

वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. गाडी घेऊन जाल तेव्हा तारीख, किलोमीटर, लिटर, कुठून कुठे, आणि छतावर काही होते का, एवढे लिहून ठेवा. पेन शिल्लक नसेल तर केरीच्या टपरीवर मिळते.